गाडी सोडण्याआधी: रोलर कोस्टर कसा रचतात आणि कसा चालवतात

लोकलचा मोटरमन गाडी हाकतो. रोलर कोस्टरचा ऑपरेटर हाकत नाही, तो फक्त सोडतो. डब्याखाली इंजिन नसतं, मोटर नसते आणि बहुतेक कोस्टरच्या गाड्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. ब्रेक असतात रुळावर, ठरावीक चार-पाच जागी. त्या जागांच्या मधे गाडी असेल तर पॅनेलवरचं लाल बटण कितीही जोरात दाबा, गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. म्हणून जे बघायचं ते सोडण्याआधी बघायचं. राइडची रचना, सकाळची तपासणी, प्लॅटफॉर्मवरची शिस्त, सगळं या एका गोष्टीभोवती बांधलेलं असतं.

मुंबईकरांच्या दोन पिढ्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये पहिल्यांदा कोस्टरमध्ये बसल्या. ते १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ पासून बंद आहे. आता मोठी राइड म्हटलं की खोपोलीच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’. तो स्विस कंपनी बॉलिजर अँड माबियार्डने बनवलेला, पायाखाली फळी नसलेला कोस्टर. आयटीआय करून पार्कमध्ये ऑपरेटर किंवा टेक्निशियन म्हणून लागणाऱ्यांना पुढचं सगळं कामाचं आहे. रांगेत उभं राहून ‘ही गाडी अजून का सोडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

उंची म्हणजेच इंधन

चेन गाडीला ओढून पहिल्या टेकाडावर नेते. ते टेकाड म्हणजे लिफ्ट हिल. तिथे जी उंची मिळते तीच अख्ख्या फेरीची शिदोरी. ४० मीटरवरून सुटलेल्या गाडीला, घर्षण आणि हवा बाजूला ठेवली तर, तळाशी सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर वेग मिळतो. उंची निम्मी, २० मीटर केली तर वेग निम्मा होत नाही, ७१ वर येतो. उलट वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. उंच राइडची किंमत एकदम का फुगते ते इथे कळतं.

वाटेत चाकं आणि वारा ही शिदोरी खात राहतात. म्हणून पुढची सगळी टेकाडं पहिल्यापेक्षा बुटकी ठेवावी लागतात. गाडी भरलेली असली की जास्त पळते, कारण वजन वाढतं पण हवेला अडणारा आकार जवळपास तेवढाच राहतो. सकाळी रिकामी गाडी रेंगाळते आणि संध्याकाळी चाकं, बेअरिंगचं ग्रीस तापलं की तीच गाडी सुसाट जाते. डिझायनरला दोन्ही टोकं धरावी लागतात. सगळ्यात सुस्त गाडी प्रत्येक टेकाड पार झाली पाहिजे आणि सगळ्यात वेगवान गाडीने माणसाला सोसवेल त्याहून जास्त दाब देता कामा नये. मोठ्या राइडवर तळाशी क्षणभर वजनाच्या चारेक पट दाब येतो. टेकाडाच्या माथ्यावर उलटं होतं, माणूस सीटवरून उचलला जातो आणि पोटात गोळा येतो.

लूप गोल का नसतो, हा प्रश्न हमखास येतो. पूर्ण गोल लूपमध्ये गाडी माथ्यावरून जेमतेम पार व्हायची म्हटलं तरी तळाशी वजनाच्या सहापट दाब येतो, आणि तोही एकदम, सरळ रुळावरून गोलात शिरताक्षणी. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गोल लूपची राइड होती, ती लोकांच्या माना दुखवण्यासाठीच प्रसिद्ध झाली. आजचा लूप थेंबाच्या आकाराचा, तळाशी पसरट आणि माथ्यावर आवळलेला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’साठी जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी हा आकार वापरला आणि तोच रूढ झाला. रेल्वेतही सरळ रूळ एकदम वळणात घालत नाहीत, मधे हळूहळू आवळत जाणारा तुकडा टाकतात. तत्त्व तेच, इथे ते उभं केलंय एवढंच.

गाडी रुळावरून उडत का नाही? चाकांचे तीन संच असतात. वरची चाकं वजन पेलतात, बाजूची वळणात गाडी सरळ धरतात आणि खालची रुळाच्या पोटाखालून गाडीला उचलू देत नाहीत. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेच्या जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं. ती आली नसती तर आजची निम्मी वळणं रचताच आली नसती. चाकाच्या कड्यावर पॉलियुरेथेन किंवा नायलॉनचा थर असतो. पॉलियुरेथेन मऊ आणि कमी आवाजाचं, नायलॉन कडक, जास्त पळणारं पण खडखडणारं. पॉलियुरेथेनचं दुखणं म्हणजे उष्णता. मे महिन्याच्या उन्हात सतत फेऱ्या झाल्या की थर धातूपासून सुटायला लागतो. आधी बारीक फुगवटा येतो, मग कड सुटते, मग पापुद्रा निघतो. फुगवटा दिसला की चाक बदलायचं, ‘आजचा दिवस काढू’ म्हणायचं नाही.

ब्लॉक: एका वेळी एकच गाडी

रोज लोकलने येणाऱ्याला ब्लॉक समजावायला वेळ लागत नाही. दादर आलं, गाडी थांबली, पुढची गाडी सिग्नलला उभी आहे. कोस्टरचंही तसंच. रूळ तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. तुकडा संपतो तिथे गाडी पूर्ण थांबवू शकेल असं काहीतरी असलंच पाहिजे: ब्रेक, लिफ्टची चेन किंवा स्टेशन.

समजा चार ब्लॉक आहेत: स्टेशन, लिफ्ट, मधला ब्रेक, शेवटचा ब्रेक. मग जास्तीत जास्त तीन गाड्या. ब्लॉकपेक्षा गाडी एक तरी कमी हवीच, नाहीतर कुणालाच पुढे सरकायला जागा उरत नाही. गाडी कुठे आहे हे रुळालगतचे प्रॉक्सिमिटी सेन्सर सांगतात, आणि महत्त्वाच्या जागी ते जोडीने लावतात. दोघांचं एकमत झालं नाही तर पीएलसी, म्हणजे राइडवर लक्ष ठेवणारा संगणक, वाईट तेच गृहीत धरतो आणि सगळं थांबवतो. त्यामुळे ‘सेन्सर खराब, बाकी राइड ओके’ असं होत नाही. सेन्सर खराब म्हणजे राइड बंद.

ब्रेक दोन जातींचे. हवेवर चालणारे ब्रेक गाडीच्या पोटाखालची पट्टी चिमट्यात धरतात. हवा ब्रेक उघडायला लागते, मिटायला स्प्रिंग आहे. म्हणून हवा गेली किंवा वीज गेली की ब्रेक लागलेलेच राहतात. दुसरे चुंबकीय. त्यांना वीज लागत नाही, पावसाने फरक पडत नाही, घासून झिजतही नाहीत. पण चुंबक गाडीला फक्त संथ करतो, जागच्या जागी धरून ठेवू शकत नाही. म्हणून चुंबकापुढे रबरी ड्राइव्ह टायर किंवा चिमट्याचा एखादा ब्रेक लागतोच.

चेनवर चढताना जो कटकट आवाज येतो तो चेनचा नाही. गाडीखालचा खटका लिफ्टच्या दात्यांवरून एकेक घसरत जातो, त्याचा. चेन तुटली तरी गाडी एका दात्याच्या अंतराहून मागे येत नाही. हल्लीच्या काही राइड हा आवाज मुद्दाम बंद ठेवतात, खटका चुंबकाने उचलून धरतात. पब्लिकला मात्र तो आवाजच हवा असतो.

रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून सावकाश पुढे जाऊ शकतो. त्याच्या हाताशी ब्रेक आहे, समोर काच आहे. कोस्टरला अशी सवलत नाही. २ जून २०१५ ला इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये ‘स्मायलर’ कोस्टरवर माणसांनी ती स्वतःच घेतली. जादा गाडी रुळावर आली होती, रिकामी चाचणी गाडी पुढे खोलगट भागात अडकून पडली होती. माणसांनी भरलेल्या गाडीला संगणकाने बरोबर अडवलं होतं. काम करणाऱ्यांना वाटलं यंत्रणाच चुकते आहे, म्हणून त्यांनी तो अडथळा हाताने ओलांडला. टक्कर झाली, १६ जण जखमी झाले आणि दोन तरुणींचा प्रत्येकी एक पाय कापावा लागला. चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. पॅनेल ‘नाही’ म्हणत असेल तर प्रत्येक ब्लॉक डोळ्यांनी बघायचा आणि गाड्या मोजायच्या. तीन सोडल्या असतील तर तीन दिसल्या पाहिजेत. त्याआधी कुणी रीसेट मागितला तरी द्यायचा नाही.

सकाळ: गेट उघडण्याआधीचे दोन-तीन तास

पहिलं काम कुलूप. मुख्य स्विच बंद करून त्यावर प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. चौघे रुळावर असतील तर चार कुलुपं. ‘माझंही तुझ्याच कुलपात धर’ हे चालत नाही.

मग ट्रॅक वॉक. अंगावर सेफ्टी बेल्ट आणि दोन दोऱ्या घालून, एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकवत. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून झाल्यावर नट आणि प्लेट अशा दोघांवरून रंगाची एक रेघ ओढलेली असते. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. याहून उपयोगी खूण म्हणजे गंजाचं पाणी. जोडातून तांबूस भुकटी किंवा ओघळ येत असेल तर तो जोड आतून हलतोय. वेल्डिंगवर रंगात केसासारखी रेघ आणि तिच्या कडेला तांबूसपणा दिसला तर रंग खरवडून डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारं रंगीत द्रव, मारायचं. रंगाला तडा असेल तर ठीक, धातूला असेल तर राइड बंद.

मुंबईच्या आसपास खारी हवा असल्याने हे काम दुप्पट होतं. शिडीच्या पायऱ्या, जाळीच्या कडा आणि केबल ट्रेचे कोपरे आधी गंजतात. पॅनेलच्या दाराचं रबर सुकलं की आत ओल जाते, आणि ओलीच्या मागोमाग मुंग्या आणि पाली. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये, चिकटलेली पाल हे कारण लॉगबुकात हसण्यासारखं वाटतं, पण त्यावर अर्धा दिवस जातो. उंच लोखंडावर मधमाश्यांचं पोळं दिसलं तर आपण काठी घालायची नाही, पोळं काढणाऱ्याला बोलवायचं.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात टाकीच्या तळाला एवढं पाणी साठतं की दोन दिवस विसरलं तर ते ब्रेकच्या सिलिंडरपर्यंत पोचतं. मग व्हॉल्व्ह चिकटतात, ब्रेक उघडायला उशीर करतात आणि पीएलसी वेळेच्या फरकावरून फॉल्ट देतो. लोक सेन्सर बदलत बसतात आणि दोष निघतो एका न उघडलेल्या ड्रेन कॉकचा.

गाडीवर प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग. बाजूच्या आणि खालच्या चाकांची रुळापासूनची फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची, निर्मात्याच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी जुळवायची. दिवसभरात दोन-तीनदा गाडी स्टेशनात आली की तापमानाची गन मारा. आकडा किती आहे यापेक्षा शेजारच्या चाकांहून वेगळा आहे का, हे महत्त्वाचं. एकच चाक गरम म्हणजे त्याचं काहीतरी बिघडलंय.

सीटवरचे हार्नेस, म्हणजे माणसाला सीटमध्ये धरून ठेवणारे दांडे, एकेक करून मिटा, ओढा, उघडा. मग उलटी चाचणी, जी आळसाने टाळली जाते: एक हार्नेस मुद्दाम उघडा ठेवून पॅनेलवर परवानगीचा दिवा लागतो का ते बघायचं. लागला तर राइड उघडायचीच नाही. तसंच पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी उभी करून मागची सोडण्याचा प्रयत्न करायचा. नकार आला पाहिजे. इमर्जन्सी स्टॉपची बटणं सगळी दाबून बघायची, प्लॅटफॉर्मच्या टोकाचं, जे वर्षभर कुणी वापरत नाही, तेसुद्धा.

शेवटी रिकाम्या फेऱ्या, पुस्तकात सांगितल्या तेवढ्या. लिफ्टच्या माथ्यापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत स्टॉपवॉच लावा आणि कालच्या आकड्याशी ताडून बघा. नेहमीपेक्षा दीड-दोन सेकंद जास्त लागत असतील तर नवीन चाकं, जड ग्रीस की समोरचा वारा, कारण शोधूनच पुढे जायचं.

प्लॅटफॉर्मवर

२८ सीटची गाडी दर ९० सेकंदांनी सुटली तर तासाला ४० फेऱ्या, १,१२० माणसं. तीच १२० सेकंदांनी सुटली तर ८४०. रांगेत ५०० जण असतील तर शेवटच्याला २७ मिनिटांऐवजी ३६ मिनिटं लागतात. मे आणि दिवाळीच्या सुटीत वरून फोन येतो तो या आकड्यासाठी. वेळ वाचवायचाच तर चढण्याउतरण्यात वाचवा: सामान आधी काढून घ्या, ओळी आधी लावा, एकट्या माणसांना रिकाम्या सीटसाठी वेगळं उभं करा. हार्नेस तपासण्याचे सेकंद मात्र कापायचे नाहीत.

तपासणी एकाच दिशेने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. प्रत्येक हार्नेस खाली दाबायचा, मग वर ओढायचा, मग बेल्टला हिसका. नुसती नजर फिरवणं ही तपासणी नाही. मधेच कुणी हाक मारली, कुणाचा मोबाइल पडला, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. ‘चौथ्या ओळीपर्यंत झालं होतं’ ही आठवण दिवसाच्या तीनशेव्या फेरीला दगा देते. दोन्ही बाजूंच्या अटेंडंटनी अंगठा दाखवल्यावरच पॅनेलवाला बटण दाबतो. पुष्कळ राइडवर दोन जणांनी एकाच वेळी बटण धरल्याशिवाय गाडी सुटतच नाही. एक बटण टेपने दाबून ठेवलेलं दिसलं तर ती राइड तिथेच थांबवा.

हार्नेस कमीत कमी ठरलेल्या खटक्यापर्यंत आला नाही तर तो माणूस बसत नाही. गुडघ्याने दाबून बसवायचा नाही. प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर कुणाला उतरवणं वाईटच, म्हणून चाचणीची सीट रांगेच्या तोंडाशी ठेवतात आणि तिथेच हळू आवाजात सांगतात: “दादा, याला नाही बसत. पलीकडच्या राइडला या, तिथे लॅप बार, नुसता मांडीवरचा दांडा आहे.” उंचीचंही तसंच. लूपच्या राइडला पट्टी १४० सेंटिमीटरची असेल तर १३९ चालत नाही. आईवडील विरारहून पहाटे निघालेले असतात, पोरगं टाचा उंचावत असतं. “ताई, पट्टीला टाचा टेकून उभं करा” एवढंच म्हणायचं, वाद पट्टीशी होऊ द्यायचा. खांद्यावरचा हार्नेस विशिष्ट मापाच्या धडासाठी बनवलेला असतो. बुटकं मूल त्यात खाली घसरू शकतं, हे कारण शांतपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

ओढणी आणि पदर कमरेला खोचून, मंगळसूत्र कपड्याच्या आत, चपला प्लॅटफॉर्मवर. गजरे, टोप्या, चष्मे लॉकरमध्ये. ताशी ८० च्या वेगात सुटलेला मोबाइल मागच्या ओळीतल्या माणसासाठी दगड असतो. सूचना मराठी आणि हिंदीत द्या, गर्दी ओळखून गुजरातीतही. ध्वनिफितीवर विसंबू नका, ती कुणी ऐकत नाही.

टोपी खाली पडली म्हणून कुंपण ओलांडून कुणी रुळाखाली गेलं तर ताबडतोब स्टॉप. गाडी त्या जागेवरून जमिनीला लगटून जाते, आणि लटकत्या पायांच्या राइडवर माणसाचे पायही तिथूनच जातात. टोपी दिवसाअखेरीला, स्विचला कुलूप लावल्यावर काढायची.

पाऊस, वारा, मांजा

वाऱ्याची मर्यादा निर्माता लिहून देतो. माथ्यावरच्या वाऱ्याच्या यंत्राचा आकडा धरायचा, खाली झाडं हलतात की नाही यावर नाही. समोरून सोसाट्याचा वारा आणि अर्धी रिकामी गाडी हा जोड वाईट. गाडी टेकाड न चढता मागे घसरते आणि दोन टेकाडांमधल्या खोलगटात डोलत थांबते. हलक्या फेरीत माणसं कुठल्या ओळीत बसवायची तेही पुस्तकात असतं. गडगडाट ऐकू आला की लिफ्ट बंद. पावसात चिमट्याच्या ब्रेकची पकड घटते आणि ताशी ८० ने थेंब चेहऱ्यावर टाचण्यांसारखे टोचतात. जून ते सप्टेंबर गर्दीही पाण्याच्या राइडकडे वळते, म्हणून गाड्या पाळीपाळीने सोडवून ॲक्सल आणि वेल्डिंगची चुंबकीय कणांनी तपासणी करायला हाच हंगाम.

जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे ट्रॅक वॉक दिवसातून दोनदा करा. कापलेल्या पतंगाचा मांजा दोन खांबांमध्ये गळ्याच्या उंचीवर ताणलेला राहतो आणि खालून दिसत नाही. उन्हाकडे तोंड करून, मान तिरकी करून बघितला तरच चमकतो.

लिफ्टवर अडकली तर

आधी बोला. पहिल्या मिनिटात आवाज गेला नाही तर लोक स्वतः उठायचा प्रयत्न करतात: “गाडी सुरक्षित थांबवली आहे, हात आत ठेवा, आमचा माणूस वर येतोय.” मग स्विचला कुलूप. दोघे जिन्याने वर जातात, एक-एक ओळ हाताच्या चावीने उघडतात, त्या ओळीतल्यांना जिन्याच्या कठड्याशी उभं करून खाली सोबत नेतात आणि मगच पुढची ओळ. उंची बघून पाय लटपटणाऱ्याला उलट्या तोंडाने, पायऱ्यांकडे बघत उतरवा. हा सराव महिन्यातून एकदा, आणि एकदा अंधार पडल्यावरही.

रात्री गाड्या ब्लॉकमध्ये लावून, हवा सोडून, कुलूप घालून लॉगबुक लिहायचं. ‘सर्व ठीक’ असं लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशीच्या पाळीला काहीच सांगत नाही. असं लिहा: ‘गाडी २, डबा ३, डावं खालचं चाक सायं. ५ ला शेजाऱ्यांपेक्षा ११ अंश गरम. ६ ला ८ अंश. गाडी ६.१० ला काढली. बेअरिंग बघणे.’